फॉकलंडचे पेंग्विन आणि भूसुरुंग

फॉकलंड बेटांवरचे पेंग्विन भूसुरुंग पेरलेल्या किनाऱ्यावर राहूनही कसे वाचले? काहीजण म्हणतात की त्यांना सुरुंगाची जागा वासाने कळते, म्हणून. तसं नाही. खरं कारण वजन.

१९८२च्या ब्रिटनविरुद्धच्या युद्धात अर्जेंटिनाच्या सैन्याने दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटांवर हजारो भूसुरुंग पेरले. राजधानी स्टॅन्लीजवळच्या यॉर्क बे या उपसागराचा किनारा त्यातलाच. सुरुंग फुटायला वरून ठरावीक दाब यावा लागतो. तिथल्या पेंग्विनांपैकी मॅगेलॅनिक जातीचा साधारण चार किलोचा, जेंटू जातीचा पाच ते आठ किलोचा. त्यांच्या चालण्याने तेवढा दाब पडत नाही. गाईमेंढ्यांचं मात्र तसं नव्हतं, काही मेल्याही.

सुरुंगांच्या जागेभोवती घातलेल्या कुंपणामुळे माणसं थांबली, पण माझ्या मते त्याहून मोठा फायदा मेंढ्या थांबल्याचा झाला. तिथलं टसॅक गवत पुरुषभर उंच, झुपक्यांनी वाढणारं. मेंढ्या ते मुळापर्यंत खातात. चराई थांबली की ते पुन्हा धरतं, आणि त्याच्या आडोशाला कितीतरी पक्षी घरटी करतात.

सुरुंग काढणं इतकं लांबलं ते प्लास्टिकमुळे. एसबी-३३ हा इटालियन सुरुंग तळहातावर मावेल एवढा, त्यात धातू नावापुरता, त्यामुळे धातुशोधक यंत्राला तो सहज सापडत नाही. त्यात यॉर्क बेची वाळू वाऱ्याने सरकते: नकाशावरची सुरुंगांची ओळ एकीकडे, सुरुंग खोल भलतीकडे. म्हणून वाळूचे ढीगच्या ढीग उपसून तपासावे लागले. २००९ला सुरू झालेलं हे काम नोव्हेंबर २०२०मध्ये संपलं, आणि ते मुख्यतः झिम्बाब्वेच्या कामगारांनी केलं. त्यांचा उल्लेख व्हायलाच हवा.

आता किनारा माणसांना खुला आहे, पण तिथे जपून चालायला हवं. मॅगेलॅनिक जमिनीत बिळं करून अंडी घालतात, वरून पाय पडला तर बीळ ढासळतं.