मुळशीचं बंद घर: पुण्यात बसून त्याचं तापमान कसं बघावं? (मदत हवी आहे)

पानगळ | ३ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. असा धागा आधी येऊन गेला असेल तर दुवा द्या, हा उडवते. मी शोधलं तेव्हा फक्त गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजायचे धागे सापडले.

आम्ही कोथरूडला राहतो. सासऱ्यांनी वीस वर्षांपूर्वी मुळशी धरणाच्या पलीकडे, ताम्हिणीच्या बाजूला एक छोटं घर बांधलं. वर मंगलोरी कौलं, खाली प्लायचं सीलिंग, मध्ये एक बुटका माळा. पूर्वी दर शनिवार-रविवार जाणं व्हायचं. आता सासऱ्यांचे गुडघे आणि मुलीची दहावी, त्यामुळे महिन्यातून एक चक्कर झाली तर झाली. जून ते गणपती जवळजवळ नाहीच.

घरात फ्रिज आहे, इन्व्हर्टर आहे, तीन कपाटं पुस्तकं आहेत आणि सासऱ्यांचे दोन मिरजेचे तंबोरे आहेत. खरी काळजी तंबोऱ्यांची. गेल्या मे महिन्यात माळ्याखालची खोली इतकी तापली की एका तंबोऱ्याच्या भोपळ्याचा सांधा उकलला, आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी तळाला गेलं. मग गणपतीनंतर दार उघडलं तर दुसऱ्या तंबोऱ्याच्या गवसणीवर (कापडी खोळीवर) पांढरी बुरशी. एकाच वर्षात दोन्ही टोकं बघून झाली.

मला एवढंच हवंय की इथे बसून फोनवर दिसावं, आत्ता त्या खोलीत किती अंश आहे, आणि फार वाढलं तर कळावं. अडचणी अशा:

तिथे ब्रॉडबँड नाही. मोबाईलची रेंज एकाच कंपनीची, तीही पश्चिमेच्या खिडकीत. पावसात लाईट गेली की कधी तासाने येते, कधी दोन दिवसांनी. वाडीतले एक मामा किल्ली सांभाळतात, पण त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे आणि त्यांना रोज उठून पिडायचं नाही. कॅमेरा सासऱ्यांना नको, "घरात डोळा नको" म्हणतात. बजेट पाच-सहा हजार. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सोल्डरिंग करतो, म्हणजे अगदीच आनंद नाही.

मोठा दीर मिनेसोटात असतो. त्याने लगेच एका यंत्राची माहिती पाठवली, घरातलं तापमान ४ अंशांखाली गेलं की फोन करतं म्हणे. तिकडे बंद घरात नळाचे पाईप गोठून फुटतात. आमच्याकडे ४ अंश फक्त फ्रिजमध्ये.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सोमवारपेठी | ३ मे, रात्री ११.०५

वायफायवाला थर्मामीटर ऑनलाईन दीड हजारात मिळतो. सिमकार्डाचा डोंगल लावा खिडकीत. झालं काम.

पानगळ | ३ मे, रात्री ११.१२

आणि लाईट गेली की डोंगल बंद, डोंगल बंद की थर्मामीटर मुका. तेव्हाच तर कळायला हवं ना?

सोमवारपेठी | ३ मे, रात्री ११.१५

हम्म. मग पास.

अवघड_वळण | ४ मे, सकाळी ७.३०

मामांना महिना पाचशे रुपये द्या, भिंतीला सत्तर रुपयांचा थर्मामीटर लावा, रोज संध्याकाळी मिस कॉल द्यायला सांगा. जिथे माणूस आहे तिथे यंत्र कशाला, हे मला कधी कळलेलं नाही.

पानगळ | ४ मे, सकाळी ८.०२

मामा पैसे घेत नाहीत. देऊन बघितले, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच किमतीचे तांदूळ घेऊन आले.

ओहमचा_नियम | ४ मे, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, फक्त तापमान मोजू नका. तुमच्या दोन तक्रारींपैकी मे महिन्यातली तापमानाची आहे, पण बुरशीची तक्रार ओलाव्याची आहे. जुलैत त्या खोलीत २५ अंश दिसेल आणि तुम्ही निवांत झोपाल, तिकडे गवसणी पांढरी होत असेल. आर्द्रता सतत ७५-८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. तेव्हा दोन्ही मोजणारा सेन्सर घ्या.

डीएचटी ११ नावाचा निळा डबा स्वस्त असतो, भाच्याने कॉलेजात वापरला असेल. तो घेऊ नका. डीएचटी २२ बरा, पण सततच्या दमट हवेत तो वर्षभरात भरकटतो असा माझा अनुभव आहे. थोडे पैसे जास्त घालून एसएचटी ३१ घ्या. इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या अंगावर चिकटवायला वेगळा डीएस १८ बी २० घ्या, स्टीलच्या टोपीत, वायरसकट मिळतो. तो फक्त तापमान सांगतो, अर्ध्या अंशाच्या फरकाने. त्याला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो, भाच्याला माहीत असेल.

डोकं म्हणून ईएसपी ३२ चा बोर्ड, म्हणजे तळहाताएवढासुद्धा नसलेला छोटा संगणकच.

आता निरोप पाठवायचा कसा, ही खरी मेख. नेटवर तुम्हाला सगळीकडे सिम ८०० एल या मॉड्यूलचे (सिमकार्ड घालून निरोप पाठवणारी छोटी पट्टी) व्हिडिओ सापडतील. ते टूजी आहे. जिओकडे टूजी मुळातच नाही, आणि बाकीच्यांच्या टूजीवर किती दिवस भरवसा ठेवायचा. फोरजीचं मॉड्यूल घ्या, ए ७६७० या नावाने मिळतं. महाग आहे, पण पुन्हा दोन वर्षांनी तिथे जाऊन बदलायला नको. पाठवताना ते एकदम दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, त्यामुळे शेजारी हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर दर निरोपाला बोर्ड रिसेट होत बसेल.

वीज: राऊटर आणि थर्मामीटर लावलात तर पाचेक वॅट सतत लागतील. हे मॉड्यूल अर्ध्या तासाने एकदा जागं झालं तर सरासरी एक वॅटच्या आत भागतं. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तास. निम्मीच वापरायची धरली तरी ४० तासांच्या वर. तुमचे दोन दिवस जवळपास निघाले. घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका, तो नुसता चालू राहायलाच बरीच वीज खातो. पॉवर बँकही नको. करंट कमी दिसला की बऱ्याच पॉवर बँका आपोआप बंद होतात, आणि मे महिन्यात बंद खोलीत लिथियमची बॅटरी महिनोन्महिने चार्जिंगला लावून ठेवणं मला तरी पटत नाही.

आणखी एक. इन्व्हर्टरवर नसलेल्या एखाद्या सॉकेटला जुना मोबाईल चार्जर लावा आणि त्याचे ५ व्होल्ट दोन रेझिस्टरने कमी करून बोर्डाच्या पिनला द्या. लाईट आहे की गेली, तेही तुम्हाला कळेल.

पानगळ | ४ मे, दुपारी ३.४५

बापरे, एवढं सविस्तर! भाच्याला पाठवलं. तो म्हणतो "मावशी, हे काका भारी आहेत." सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळेल का?

ओहमचा_नियम | ४ मे, दुपारी ४.१०

सेन्सर, बोर्ड, बॅटरी, डबे, सगळं बुधवार पेठेत मिळेल. फोरजी मॉड्यूल विचारून बघा, नसेल तर ऑनलाईन. रविवारी जाऊ नका, निम्मी दुकानं बंद. (काका नाही हो, चौतीस.)

बाष्प | ४ मे, रात्री ९.३०

ओलाव्याचा विषय निघाला म्हणून लॉगिन केलं.

पावसाळ्यात "घराला हवा लागू दे" म्हणून मामांना खिडक्या उघडायला सांगत असाल तर थांबवा. हिशोब बघा. ताम्हिणीला जुलैत बाहेर २४ अंश आणि ९५ टक्के धरू. त्या हवेत दर घनमीटरला साधारण २० ग्रॅम बाष्प असतं. ती आत आली आणि खोली २६ अंशांवर असली, तर आतली आर्द्रता झाली ८५ टक्के. दिवसभर खिडक्या उघड्या ठेवा, ८५ च्या खाली येणार नाही. एक्झॉस्ट फॅनही तीच हवा आत ओढतो.

पण त्याच हवेला एका बंद कपाटात ३० अंशांपर्यंत नेलं तर तीच आर्द्रता ६८ वर येते. बाष्प तेवढंच, फक्त गरम हवा जास्त सामावून घेते. जुने लोक कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे त्याचं कारण हे. जुना तारेचा झिरो नावाला झिरो, खातो बारा-पंधरा वॅट, आणि ते सगळे उष्णतेत जातात. हल्लीचा एलईडी झिरो अर्धा वॅटचा, तो लावून काही होणार नाही. बंद घर आहे म्हणून सांगतो: बल्बला लोखंडी जाळी, आणि गवसणी त्याच्यापासून हातभर लांब. हे जमणार नसेल तर लावूच नका.

सेन्सर आणल्यावर आधी घरी तपासा. वाटीत मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घाला, सेन्सरसकट घट्ट डब्यात बारा तास ठेवा. सेन्सर मिठाला टेकू देऊ नका. साध्या मिठाच्या अशा लगद्यावर हवा ७५ टक्क्यांना स्थिर होते. सेन्सर ८० दाखवत असेल तर पाच वजा करा. याहून स्वस्त प्रयोगशाळा नाही.

आणि जागा. माळ्यावर लावलात तर कौलांचं तापमान कळेल, तंबोऱ्यांचं नाही. सिमला ऑफिसचा (पुण्याच्या वेधशाळेचा) आकडा ३९ असला तर कौलाखाली काय असेल ते सांगायला नको. सेन्सर तंबोऱ्यांच्या कपाटातच ठेवा.

अवघड_वळण | ४ मे, रात्री १०.००

मीठ, झिरोचा बल्ब... हा धागा पाककृतीत हलवा.

तळ्यातमळ्यात | ५ मे, सकाळी ९.१५

वाचतेय. आमचंही पानशेतला असंच घर आहे. एक शंका: मॉड्यूलच बंद पडलं तर कळणार कसं? आकडा बदलला नाही म्हणून आपण खूश, आणि तिकडे उंदराने वायर खाल्लेली.

ओहमचा_नियम | ५ मे, सकाळी १०.४०

अगदी बरोबर प्रश्न, मी लिहायला विसरलो होतो. धोक्याची घंटा त्या घरात ठेवू नका, पुण्यात ठेवा. म्हणजे यंत्राने फक्त दर अर्ध्या तासाला आकडे पाठवायचे. इकडे एक छोटा प्रोग्रॅम, जुन्या लॅपटॉपवर किंवा एखाद्या फुकट सेवेवर, ते आकडे आले की नाही बघत बसेल. सहा तास काहीच आलं नाही तर तुम्हाला टेलिग्रामवर निरोप. सहा तास एवढ्यासाठी, की रेंज अधूनमधून जाणारच, आणि रोज रात्री दोनला उगाच घंटा वाजली तर आठवड्यात तुम्ही ती बंद करून टाकाल.

तापमानालाही तसंच. ३८ ओलांडलं की लगेच नाही, दोन तास सलग वर राहिलं तर.

मामांसाठी एक कल्पना: हेच मॉड्यूल फोनही लावू शकतं. लाईट जाऊन बारा तास झाले की मामांना एक मिस कॉल. त्यांच्या फोनमध्ये नंबर "घर" म्हणून सेव्ह करून द्या. घराचा फोन आला की घराकडे जायचं, बाकी काही समजावायला नको.

पानगळ | ५ मे, सकाळी ११.००

हे फार आवडलं. मामांनाही आवडेल.

पानगळ | १६ जून, रात्री ११.५०

ताजा कलम. मागच्या रविवारी बसवून आलो. खर्च ५,२०० झाला, त्यात भाच्याची मिसळ धरलेली नाही. मिठाच्या डब्यात सेन्सरने ७८ दाखवले, तीन वजा करतोय.

पण आजचा प्रसंग ऐका. साडेदहाला फोनवर आलं: बॅटरी ८५ अंश. माझ्या पोटात गोळा. ह्यांनी मामांना फोन केला, मामा भर पावसात बॅटरी घेऊन (हातातली हो) धावत गेले. दहा मिनिटं आम्ही सगळे दिवाणखान्यात उभे. मग मामांचा फोन. "ताई, घर गार हाय. तुमचं मशीन तापलंय."

काय झालं असेल?

ओहमचा_नियम | १७ जून, सकाळी ८.२०

बरोब्बर ८५.०० होतं का? पुढे एकही आकडा नाही?

पानगळ | १७ जून, सकाळी ८.२५

हो! तुम्हाला कसं कळलं?

ओहमचा_नियम | १७ जून, सकाळी ८.४०

डीएस १८ बी २० ला वीज मिळाली की त्याच्या पोटात आधी ८५ हाच आकडा असतो. मोजणी पूर्ण व्हायच्या आत वाचला तर तोच हातात येतो. लाईट गेली-आली असेल किंवा वायर सैल असेल. भाच्याला सांगा, विचारल्यावर पाऊण सेकंद थांबून वाचायचं, आणि ८५.०० आलं तर टाकून देऊन पुन्हा वाचायचं. कधी उणे १२७ दिसलं तर घाबरू नका, वायर सुटली एवढाच अर्थ. चूक माझी, आधी सांगायला हवं होतं. मामांना माझा नमस्कार.

बाष्प | १७ जून, सकाळी ९.०५

"तुमचं मशीन तापलंय" हे मी फ्रेम करून लावणार आहे.

पानगळ | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ६.१५

पावसाळा संपत आला म्हणून आकडे देते, कुणाला उपयोग होईल. जुलै-ऑगस्टमध्ये हॉलमधली आर्द्रता ८६ ते ९३. तंबोऱ्यांच्या कपाटात बल्ब लावल्यापासून ६६ ते ७२. तो जुना झिरो बाजारात मिळेना, शेवटी सासूबाईंच्या देवघराच्या खणात सापडला. जाळी वाडीतल्या वेल्डरकडून करून घेतली. पुस्तकांच्या कपाटांना बल्ब नव्हता, तिथे पुस्तकांना कुबट वास लागायचा तो लागलाच.

लाईट एकूण नऊ वेळा गेली. सर्वात जास्त ३१ तास, बॅटरी पुरली. मामांना दोन मिस कॉल गेले. दुसऱ्या वेळी ते घरी जाऊन आले आणि त्यांनी उलट त्याच नंबरवर फोन लावला, घर उचलत नाही म्हणून मला तक्रार.

गणपतीनंतर गेलो तेव्हा गवसणी कोरडी होती. सासऱ्यांनी तिथेच बसून एक तंबोरा लावला. दुसऱ्याचा सांधा मिरजेला देऊनच नीट होईल.

एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात सहा तासांची घंटा वाजली, मी समजले रेंज गेली. निघालं वेगळंच: सिमचं रिचार्ज संपलेलं.

ओहमचा_नियम | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७.००

त्यावर मशीनकडे इलाज नाही. वर्षाचं एकदम मारा आणि तारीख लिहून ठेवा.

पानगळ | २२ सप्टेंबर, संध्याकाळी ७.१०

मारलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलंय, गॅस सिलेंडरच्या तारखेखाली.