एका मीटरवर तीन बिऱ्हाडं, टप्प्याच्या दरात पाणीपट्टी कशी मोजतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. खाली आई-काका, वर आम्ही, मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू. माणसं अकरा, नळकनेक्शन एकच. आधी सगळ्या युनिटांना एकच दर होता, आता वापराच्या टप्प्यांनुसार दर लागलाय आणि बिल एकदम चढलंय.

आमचा वापर महिन्याला 42 युनिट. एक युनिट म्हणजे हजार लिटर, म्हणजे माणशी रोज साधारण 127 लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचं मानकच 135 लिटरचं आहे, तेव्हा आम्ही पाणी उधळतोय असं कुणी म्हणू नये.

दर गावोगाव वेगळे, म्हणून इथे सोपे आकडे धरतो: पहिल्या 15 युनिटांना 10 रुपये, 16 ते 25 ला 15, त्यापुढे 25 रुपये. आधीचा दर सरसकट 10 धरू. 8 युनिट वापरणाऱ्या दोघांच्या घराला तेव्हाही 80, आताही 80. 20 युनिटवाल्याचे 200 चे 225 होतात. आमचे मात्र 420 चे 725! हीच 42 युनिटं तीन मीटरांवर चौदा-चौदा अशी पडली असती, तर एकूण 420 च आले असते. पाणी तेवढंच, माणसंही तीच. एकत्र राहतो म्हणून वरचा दर भरायचा, हे मला पटत नाही.

हा हिशेब महावितरणच्या बिलासारखा, म्हणजे वरचा दर फक्त वरच्या युनिटांना, असा धरलाय. सगळ्याच युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लावला तर आमचे 1050 होतील. त्या पद्धतीत 25 युनिटांचे 375 आणि 26 युनिटांचे थेट 650! एका युनिटापायी एवढी उडी?

कार्यालयात विचारलं तर "एक मीटर म्हणजे एक ग्राहक" एवढंच उत्तर मिळालं. आईच्या पेन्शनीतून खालचा वाटा जातो, म्हणून हा विषय मला सोडवायचाच आहे.

गळती तपासून झाली. रात्री सगळे नळ आणि टाकीकडे जाणारा कॉक बंद करून बॅटरीच्या उजेडात मीटर पाहिला. काळे आकडे म्हणजे पूर्ण युनिटं, लाल आकडे त्याखालचे लिटर. लाल आकडा हलला नाही, बारीक चक्रीही स्थिर होती.

जाणकारांनी कृपया सांगावं:
बिलावरून दोन्हींपैकी कोणती पद्धत लावली हे कसं ओळखायचं? बिल दोन-तीन महिन्यांचं एकदम आलं, तर टप्प्यांची मर्यादाही तेवढ्या पटीत धरतात ना? आणि मुख्य म्हणजे, घरपट्टी एकाच नावावर असताना वेगळ्या चुलीच्या रेशनकार्डावर कुणाला दुसरं कनेक्शन मिळालंय का? मिळालं असेल तर अर्जासोबत काय काय जोडलं, रस्ता खोदाईचे पैसे वेगळे भरावे लागले का, तेही लिहा. भाडेकरूंकडून वाटा माणशी घ्यावा की चुलीमागे, यावरही अनुभव असतील तर हवे आहेत.