बिल्डिंगमध्ये ढेकूण झालेत आणि कोणीच कबूल करत नाही

उंबरठा:

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमची जुनी सोसायटी. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, वीस बिऱ्हाडं. मी सेक्रेटरी, म्हणजे बाकी सगळे नको म्हणाले म्हणून मी.

मागच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जिन्यात थांबवून हळूच विचारलं, "तुमच्याकडे मच्छर वाढलेत का हो?" आणि हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठलेल्या, एका ओळीत. मच्छर एवढी शिस्त पाळत नाहीत. घरी येऊन आमचा दिवाण उघडला, तर प्लायच्या कडेला काळे ठिपके, कात टाकलेली टरफलं आणि एक जिवंत, रक्त पिऊन टम्म झालेला.

त्यानंतर जे चाललंय त्याने डोकं उठलंय. तिसऱ्या मजल्यावर नोकरी करणारी पाच मुलं भाड्याने राहतात, सगळ्यांची बोटं त्यांच्याकडे. दोन घरांनी कामवाल्या मावशींना "काही दिवस येऊ नका" सांगितलं. चेअरमनकाकांचं म्हणणं, ज्याच्या घरात निघतील त्याने आपल्या खर्चाने मारावेत, सोसायटीचा काय संबंध? पहिल्या मजल्यावरचे आजोबा छातीठोकपणे सांगतात, "आमच्याकडे एकही नाही, मला कधी चावला नाही." १०३ मधल्या मुलाने भर दुपारी, सगळे कामावर असताना, गुपचूप फवारणी उरकून घेतली. मग काही दिवसांतच १०४ आणि २०३ मधून तक्रार सुरू. ३०२ कुलूपबंद आहे, मालक नागपूरला.

वर पाऊस. गाद्या उन्हात टाकायच्या तर ऊन आणायचं कुठून? एका घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. आणि गणपतीला निम्मी बिल्डिंग कोकणात जाणार, बॅगांतून काय काय घेऊन जाईल देव जाणे. पैसे कोणी द्यायचे, लोकांना दारं उघडायला कसं लावायचं आणि नक्की कशाने मरतात? अनुभव असेल त्यांनी कृपया लिहा.

मी_चकली:

रॉकेल! आमच्या आजीचा रामबाण उपाय. फटीत पिसाने रॉकेल सोडायचं, गादीखाली डांबर गोळ्या, दिवाणाभोवती लक्ष्मणरेषेचा खडू. ढेकूण मेले की नाही माहीत नाही, पाहुणे मात्र परत आले नाहीत. हलकेच घ्या.

फवारणीवाला:

ताई, ठाणे-कल्याण पट्ट्यात बरीच वर्षं मी हेच काम करतो. इथे जाहिरात करायची नाही, म्हणून कंपनीचं नाव सांगत नाही.

आधी चकलीभाऊंचं. रॉकेल थेट अंगावर पडलं तर ढेकूण मरतो, पण फटीत आत बसलेले तसेच राहतात आणि तुम्ही पेटणाऱ्या लाकडावर झोपता. डांबर गोळ्यांचा उपयोग शून्य. बोरिक पावडरही नको. ती झुरळांच्या पोटात जाते म्हणून झुरळं मरतात. ढेकूण रक्ताशिवाय कशाला तोंड लावत नाही.

आता १०३. त्या मुलाला दोष देत नाही, पण पसरायला ते एक कारण असणार. दुकानातले स्प्रे आणि स्वस्तातली फवारणी बहुतेक एकाच घराण्यातली औषधं असतात, पायरेथ्रॉइड म्हणतात त्यांना. आपल्याकडचे ढेकूण त्यांना बऱ्याच ठिकाणी दाद देत नाहीत. मरत नाहीत, पांगतात. वायरिंगच्या पाइपातून, बाथरूमच्या डक्टमधून, दाराखालून शेजारी. धूर सोडणारे डबे त्याहून वाईट, कारण धूर फटीत शिरत नाही आणि ढेकूण शिरतो. हे आजचंही नाही. १९५३ साली देशात मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा घराघरात डीडीटी मारायचे. सुरुवातीला त्यात ढेकूणही मरायचे, लोक खूश. पुढे ढेकूण मरेनात, उलट फवारणी झाली की बाहेर येऊन धिंगाणा घालायचे. मग लोकांनी फवारणीवाल्यांना दारात उभं करणं सोडलं. माझ्या धंद्यातली जुनी माणसं हे किस्से सांगायची.

आजोबा खोटं बोलत नसतील. ढेकूण चावला तरी बऱ्याच लोकांच्या अंगावर खूणच उठत नाही, वय झालेल्यांत तर जास्तच. मी अशा घरांत गेलोय जिथे आजोबा रात्रभर शांत झोपतात आणि उशीच्या शिवणीत वसाहत असते. म्हणून "चावतात का?" हा प्रश्नच विचारू नका. बघा.

बघायचं कसं, ते नीट सांगतो, कारण सगळं इथेच फसतं. बॅटरी घ्या आणि जुनं, बाद झालेलं एटीएम कार्ड. गादी सगळे बघतात, दिवाण उलटा कोणी करत नाही. उलटा करा. प्लायमध्ये स्क्रू आत गेलाय ते भोक, कोपऱ्यातल्या लाकडी ठोकळ्याची मागची बाजू, सनमायका सुटलाय ती कड. कार्ड फटीत घालून हळूहळू ओढलं की पिल्लं कार्डाच्या टोकाला येतात. नवीन फुटलेलं पिल्लू जवळजवळ पारदर्शक असतं, रक्त प्यायल्यावर लाल दिसतं. अंडी पांढरी, मिलिमीटरभर, लाकडाला घट्ट चिकटलेली, नुसतं झटकून पडत नाहीत. काळे ठिपके ढेकणाचेच की साधा मळ, हे कळत नसेल तर ओला कापूस फिरवा. तांबूस पसरले तर ढेकणाचे. मग पलंगाजवळचा स्विचबोर्ड (मेन स्विच बंद करून), पडद्याच्या दांडीची टोपणं, भिंतीवरचे फोटो. बाळाच्या घरात पाळण्याची झोळी आणि दोरीच्या गाठी विसरू नका.

मारायला सगळ्यात भरवशाची उष्णता. पन्नास अंशांच्या वर तो टिकत नाही, अंडीही नाहीत. पाऊस असला तरी कपडे, चादरी, अभ्रे उकळत्या पाण्यात घालता येतात. मशीनला हीटर असेल तर साठ अंशांवर लावा. गादीच्या शिवणींवर कडक इस्त्री. दिवाणाला हातात धरायचं वाफेचं मशीन, नळीच्या तोंडाला फडकं बांधून अगदी सावकाश फिरवायचं. घाईने फिरवलं तर वाफेच्या जोराने ते उडून दुसरीकडे पडतात. बाळाच्या खोलीत औषध कमी, वाफ जास्त. उकळता न येणारी खेळणी पिशवीत बांधून उणे अठरावर चालणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस.

औषध मारणारा माणूस एकाच फेरीत सगळं संपवतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. अंड्यांवर औषध फारसं चालत नाही. आपल्या हवेत अंडं आठवडा-दहा दिवसांत फुटतं. पिल्लू पाच वेळा कात टाकतं, दर वेळी आधी रक्त प्यावं लागतं, आणि महिना-सव्वा महिन्यात ते स्वतः अंडी घालायला तयार. म्हणून दुसरी फेरी पंधरा दिवसांच्या आसपास, आणि ती सगळ्या घरांत. ३०२ सुद्धा. उपाशी ढेकूण काही महिने काढतो, बंद घराचा भरवसा धरू नका.

पलंगाच्या पायांखाली वाट्या ठेवायचा सल्ला सगळीकडे दिसतो. चांगला आहे, पण आपल्याकडचा उष्ण हवेतला ढेकूण गुळगुळीत प्लास्टिकवरही चढतो, थंड देशांतल्यासारखा आत अडकून बसत नाही. वाटीत साबणाचं पाणी ठेवा किंवा आतून टाल्कम पावडर चोपडा. पलंग भिंतीपासून दूर, चादर जमिनीला लागता कामा नये.

गॅलरीतली_काकू:

फवारणीवाल्यांना दंडवत, एवढं मुद्देसूद आमच्या डॉक्टरांनीही कधी सांगितलं नाही.

माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं. मे महिन्यात एक दिवस ठरायचा आणि त्या दिवशी अख्ख्या मजल्याच्या लोखंडी खाटा गॅलरीत उभ्या. बंबातलं उकळतं पाणी खाटेच्या सांध्यांवर ओतायचं, खाली वाहून आलेलं खराट्याने लोटायचं. कोणाच्या घरात किती हे कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांच्याच खाटा बाहेर. फ्लॅटमध्ये आलो आणि दारं बंद झाली, त्याबरोबर लाजही आली. माझ्या नणंदेने मुलीला बघायला येणार म्हणून दोन महिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. ती मंडळी चहा पिऊन गेली आणि ढेकूण राहिले.

ताई, मीटिंग बोलावू नका. मीटिंगमध्ये कोणी हात वर करणार नाही. घरोघरी जा, आणि बोलायची सुरुवात "आमच्याकडे निघाले" इथून करा. "तुमच्याकडे आहेत का" विचारलं की दार लागलंच समजा. नोटीस लावायचीच तर "पावसाळी पेस्ट कंट्रोल" एवढंच लिहा, ढेकूण हा शब्द नको.

आणि मावशींना बंद करू नका हो. त्या तुमच्याकडे झोपायला येत नाहीत. त्यांच्या घरी कोण बघायला गेलंय? उलट तुमच्याच घरातून त्यांच्या पिशवीत गेले असतील.

फवारणीवाला:

काकू, बाकी सगळ्याला अनुमोदन, नोटिशीचं सोडून. "पेस्ट कंट्रोल" लिहिलं की लोक झुरळांसाठी लावतात ते जेल समजतात, ओट्याखालचे डबे काढून ठेवतात आणि दिवाण भरलेला तसाच. ढेकूण हाच शब्द लिहा, मोठ्या अक्षरात. सोबत काय रिकामं करून ठेवायचं तेही.

पैशाचं: सर्वसाधारण सभेत ठराव करून सगळ्यांत समान वाटा. वीस घरं एकत्र म्हटल्यावर घासाघीस करता येते. सिंकिंग फंडाला हात लावू नका, तो मोठ्या दुरुस्तीसाठी असतो.

रात्रपाळी:

एवढा खटाटोप कशाला? धान्याच्या गोदामात ठेवतात त्या गोळ्या मिळतात. खोलीत दोन ठेवायच्या, दार बंद करून दोन दिवस गावी जायचं. मित्राने केलं होतं, एक राहिला नाही.

फवारणीवाला:

अजिबात नाही. हात जोडून सांगतो, धागा वाचणाऱ्या सगळ्यांनाच.

ती अॅल्युमिनियम फॉस्फाइड, लोक सल्फास म्हणतात ती. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि सध्या हवेत ओलावाच ओलावा आहे. तुम्ही गावी गेलात तरी वरच्या मजल्यावरचं बाळ कुठे जाणार? डक्टमधून, फटींतून गॅस शेजारच्या घरात जातो. ढेकूण मारायला गेले आणि शेजारची मुलं दगावली, अशा बातम्या आपल्या राज्यातही छापून आल्यात. यावर उतारा नाही. राहत्या घरात ती वापरायला परवानगीच नाही, सामान्य माणसाला विकायलाही नाही. घरच्या डब्यात घालतात त्या पारद गोळ्या वेगळ्या, त्यांची यांच्याशी गल्लत नको. बिल्डिंगमध्ये लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला आणि कोणाला उलट्या, धाप सुरू झाली, तर बाहेर पडा, सगळ्यांना बाहेर काढा, हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. वास आला नाही म्हणजे गॅस नाही, असंही धरून चालू नका.

रात्रपाळी, तुमचा मित्र नशीबवान, एवढंच म्हणतो. संपादकांनी वरचा प्रतिसाद उडवला तर बरं.

क्वीन्सकर:

न्यूयॉर्कहून. इथे भाड्याचं घर घेताना मालकाला लिहून द्यावं लागतं की गेल्या वर्षभरात त्या घरात आणि त्या बिल्डिंगमध्ये ढेकूण होते का. २०१० पासूनचा नियम. मी पहिल्यांदा तो कागद बघून हबकलो होतो, आता विजेच्या बिलासारखा सही करून ठेवून देतो. तुम्हीही एक कागद करा. त्यात "ढेकूण सापडले" असा रकाना नको, "तपासणी झाली" एवढाच ठेवा आणि वीसही घरांच्या सह्या घ्या. सही करणाऱ्याला चारचौघांत कबूल काही करावं लागत नाही, आणि ज्याची सही नाही तो आपोआप दिसतो.

उंबरठा:

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं पुढचं सांगते.

रविवारी सकाळी नवरा आणि मुलगा आमचा दिवाण उचलून पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये घेऊन आले आणि तिथेच उलटा ठेवला. मी बॅटरी आणि एटीएम कार्ड घेऊन बसले. जो जिन्यातून जाईल त्याला बोलावून दाखवलं. आधी सगळे लांबून. मग १०४ च्या वहिनी वाकून बघायला लागल्या आणि म्हणाल्या, "अय्या, आमच्याकडे हे पांढरं आहे, मला वाटलं लाकडाचा भुसा." चेअरमनकाका बराच वेळ काही न बोलता बघत उभे होते. मग वर गेले. तासाभराने खाली येऊन हळू आवाजात, "त्या माणसाचा नंबर दे मला."

नोटीस मोठ्या अक्षरात लावली, काकू माफ करा. कागदावर ३०२ सोडून सगळ्यांच्या सह्या झाल्या. आजोबांनी सगळ्यात शेवटी केली, तीही "मला चावत नाहीत, पण करतो" म्हणत. त्यांच्या उशीबद्दल मी काही लिहीत नाही. ज्या मुलांवर सगळे घसरले होते त्यांच्याकडे सगळ्यात कमी निघाले, कारण सामानच नाही: चटया आणि एक टीव्ही. सगळ्यात जास्त कुठे निघाले असतील? वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये. मे महिन्यात कोणीतरी टाकून दिलेली गादी त्यांनी उचलून खाटेवर घातली होती. कोणी टाकली, ते आता कोणालाच आठवत नाही. मावशींना परत बोलावलंय.

३०२ ची किल्ली मालकांच्या बहिणीकडे कळव्याला आहे, त्या शनिवारी येणार. पहिली फेरी त्याच दिवशी, दुसरी गणपतीच्या आधी बसते. एक विचारायचं राहिलं: आमचा दिवाण टाकून द्यावा का? मुलगा म्हणतो जाळून टाकू.

फवारणीवाला:

जाळू नका, टाकूही नका. प्लाय चांगला असेल तर वाफ आणि औषधात वाचतो. नंतर भोकं आणि फटी लांबी (पुट्टी) भरून बुजवा. अगदीच टाकायचा झाला तर तोडून टाका आणि वर रंगाने "ढेकूण" लिहा. वॉचमनकाकांची ती गादी मात्र कापून, प्लास्टिकमध्ये बांधून द्या. त्यांना नवीन गादी सोसायटीने घ्यावी, केबिन त्याच दिवसाच्या फेरीत धरा, दोन्ही वेळा.

आणि शनिवारी ३०२ उघडलं की फवारणीवाला येण्याआधी बेडरूममधल्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून मागे बघा. बंद घरात ते सहसा पलंगावर सापडत नाहीत.