क्षारपड रानाचा निचरा करा, पण ते खारं पाणी कृष्णेत का?

कृष्णाकाठ: शिरोळ, मिरज, वाळवा भागात जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून चोपण रानं सुधारली जाताहेत. पांढऱ्या फटक पडलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहतो, यात वाद नाही. पण पाइपातलं पाणी ओढ्यात जातं, ओढा नदीत. लिटरमागे अर्धा ग्रॅम क्षाराचं पाणी वर्षात एकरी ८० लाख लिटर पाजलं, तर रानात ४ टन मीठ येतं. पीक त्यातलं अगदी थोडं उचलतं. बाकीचं कुठे जाणार? जितकं पाणी कमी पाजू तितकं मीठ कमी वाहील. म्हणून निचऱ्याच्या अनुदानाला ठिबकची अट घालाच.

उसाचा फड: अट घालणं सोपं आहे हो. उपसा योजनेची पाळी लांबली की माणूस रान तुडुंब भरूनच घेतो, पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. त्यात लाईट रात्रीची. आणि पाईप टाकले नाहीत तरी खारं पाणी जमिनीखालून नदीकडेच झिरपतं. तोवर आमच्या रानात लव्हाळ्याशिवाय काही येत नाही, बँकेचं कर्ज मात्र चालूच. पावसाळ्यात पूर येतो, सगळं धुऊन जातं.

बंधाऱ्याखालचा: पूर जुलै-ऑगस्टचा, आम्ही पाणी उचलतो एप्रिल-मेमध्ये. तेव्हा नदी वाहत नाही, बंधाऱ्यामागे तुंबलेली असते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या वेल्टन-मोहॉक भागाने १९६१ पासून शेताखालचं खारं पाणी उपसून कोलोरॅडोच्या पात्रात घातलं आणि खाली मेक्सिकोतल्या मेक्सिकाली खोऱ्यातली पिकं बसली. १९७३ साली दोन देशांना करार करावा लागला. आता ते पाणी वेगळ्या कालव्याने मेक्सिकोतल्या दलदलीत सोडतात. ते गोडं करायला यूमाला प्रकल्प बांधला, तो बहुतेक काळ बंदच राहिला. एकदा मीठ पाण्यात उतरलं की ते काढणं इतकं महागात पडतं.

माळरान: ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी खारं भूजल नदीत शिरायच्या आधीच बोअरने उपसून लांबच्या तळ्यांत आटवतात. शिवाय राज्याराज्यांचा जमाखर्च असतो: नदीत मीठ वाढवणारं काम नावे, कमी करणारं जमा. आपल्याकडे महाराष्ट्र आणि कर्नाटकाने कृष्णेसाठी असा हिशेब ठेवायला काय हरकत आहे?

उसाचा फड: हिशेब ठेवा. पण मीठ आटवायच्या तळ्याला शिरोळात गुंठाभर रान कोण देणार?

कृष्णाकाठ: तळी इथे जमणार नाहीत, मान्य. म्हणूनच मीठ रानात येतानाच रोखायला हवं. सामुदायिक निचऱ्याच्या शेवटच्या चेंबरला ईसी मीटर, म्हणजे पाण्यातला क्षार मोजणारं यंत्र, बसवा, आकडा गावात फळ्यावर लागू दे. ठिबकची अट मात्र राहू दे, जोडीला साठवण टाकीला पैसे द्या, म्हणजे पाळीची वाट बघावी लागणार नाही.

उसाचा फड: टाकी आणि दिवसाची लाईट आधी, अट नंतर. मीटरला माझी ना नाही. फक्त तो शहराच्या आणि कारखान्यांच्या नाल्यांवरही त्याच दिवशी बसवा.