मदत हवी आहे: रिकॉलमध्ये (पदावरच्या नेत्याला मुदतीआधीच काढायच्या मतदानात) शंभरावर उमेदवार असतील तर न्याय कसा होणार?

कॅलिफोर्नियातलं कोणी आहे का इथे? 2003 च्या रिकॉलबद्दल वाचतेय आणि एका गोष्टीवर अडकलेय. मतपत्रिकेवर प्रश्न दोन, गव्हर्नर ग्रे डेव्हिसना काढायचं का, आणि काढलं तर जागी कोण, अन् दुसऱ्या प्रश्नाला चक्क 135 उमेदवार, त्यात खुद्द डेव्हिस उभे राहूच शकत नाहीत! जिंकलेल्या श्वार्झनेगरना 48 टक्क्यांवर मतं पडली म्हणून निभावलं, पण समजा 49 टक्के लोक म्हणाले राहू दे डेव्हिसना आणि दुसरा कोणी फक्त 20 टक्क्यांवर पहिला आला तरी तोच गव्हर्नर, हे मला अजिबात पटत नाही. ज्याला सर्वाधिक मतं तोच विजयी, ही दोन पक्षांच्या सरळ लढतीत चालणारी मोजणी इथे तोकडीच पडते ना. सॅन फ्रान्सिस्कोत महापौराला पसंतीक्रमाने मत देतात, तसं इथे केलं तर सुटेल का? कोणी नीट समजावून सांगा प्लीज.