आतड्याचा कॅन्सर, चौथी स्टेज: नवी टार्गेटेड औषधं आधी की साधी तपासणी आधी?

गोदाकाठची

माझं म्हणणं आधीच सांगते, म्हणजे भांडायला सोपं जाईल. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरवर टार्गेटेड, म्हणजे कॅन्सरपेशीतल्या ठराविक बिघाडावर नेम धरणाऱ्या, औषधांचं जे संशोधन चाललंय, त्यातलं बरंचसं आपल्या जिल्ह्यातल्या पेशंटच्या काडीच्या उपयोगाचं नाही. आकडे बघा. सगळे उपचार करून झालेल्यांना रेगोराफेनिबची गोळी दिली, ते मीडियन ६.४ महिने जगले आणि प्लासिबोवाले, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी घेणारे, ५ महिने. बीराफ नावाच्या जीनमध्ये म्युटेशन, म्हणजे बिघाड, असलेल्यांना एन्कोराफेनिब आणि सेटक्सिमॅब दिलं, ८.४ विरुद्ध ५.४ महिने. केरास जीनमध्ये जी१२सी हा बिघाड असलेल्यांना सोटोरासिब आणि पॅनिट्युमुमॅब दिलं, आजार ५.६ महिने आटोक्यात राहिला, नेहमीच्या औषधांवर २.२. आणि दर वेळी बातमीचा मथळा काय, तर ‘क्रांतिकारी’!

निफाडला माझ्या काकांना एका रुग्णालयात ट्रायलमध्ये येता का म्हणून विचारलंय. घरात दोन तट पडलेत. ट्रायल फुकट असेल हो, पण तेच औषध उद्या बाजारात आलं की घेणार कोण? बागेचा तुकडा विकून तीन महिने विकत घ्यायचे? त्यापेक्षा गाठीची साधी तपासणी आधी सगळ्यांची व्हावी आणि आहेत ती औषधं कमी डोसात, कमी खर्चात कशी चालतील याच्या ट्रायल आपल्याकडे व्हायला हव्यात.

ऑन्को फार्मसी

असहमत. मीडियनचा अर्थ निम्मे लोक त्याहून जास्त जगले असा होतो, हे आधी लक्षात घ्या. आणि तुम्ही सोयीचे आकडे निवडलेत. एमएसआय-हाय (ज्यांच्या पेशींची डीएनए दुरुस्ती बिघडलेली असते) प्रकारच्या गाठींवर पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, विरुद्ध किमो अशी ३०७ पेशंटची ट्रायल झाली. आजार १६.५ महिने थांबला, किमोवर ८.२. पाच वर्षांनंतर पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटातले निम्म्याहून जास्त लोक हयात होते. चौथ्या स्टेजला! पंधरा-वीस वर्षांपूर्वी असं म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

दुसरं. सेटक्सिमॅब २००४ मध्ये आलं तेव्हा जीन न बघता दिलं जायचं. २००८ च्या सुमारास स्पष्ट झालं की केरासमध्ये म्युटेशन असेल, म्हणजे साधारण १०० पैकी ४० जणांना, ते लागूच पडत नाही. कोणाला औषध द्यायचं नाही हे याच संशोधनाने शिकवलं, त्यात किती घरांचे पैसे वाचले असतील! तुम्ही ज्याला साधी तपासणी म्हणताय ती याच झाडाला लागलेली आहे.

गोदाकाठची

एमएसआय-हाय चौथ्या स्टेजला १०० त ४-५ जण. बाकीच्या पंचाण्णवांना काय सांगायचं?

सिन्नरकर

ताई, तुम्ही खर्चाचं बोलताय, मी विश्वासाचं बोलतो. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्याकडे मुलींवर एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या, लसीचा प्रकल्प झाला, तेव्हा पालकांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. तेव्हापासून ‘संशोधन’ शब्द ऐकला की मी खिशातला पेन आत ढकलतो. माझ्या मेव्हण्याला एका ठिकाणी पानंच्या पानं असलेला फॉर्म दिला आणि म्हणाले, इथे, इथे आणि इथे. बाहेर नंबर लागलेला, सलाईन संपत आलेलं, कोण वाचणार? आपण स्वस्तातली माणसं, दुसरं काय.

ट्रायल ताई

मी नाशिकमध्येच ट्रायल को-ऑर्डिनेटर आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी धरा हवं तर.

सिन्नरकर, ‘इथे, इथे आणि इथे’ असं जो करतो तो नियम मोडतो. २०१९ च्या नियमांप्रमाणे फॉर्म पेशंटला कळणाऱ्या भाषेत हवा, त्याची प्रत त्याला द्यायची, तो कधीही बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईची तरतूद. प्रत्येक ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सापडली पाहिजे, नंबर मागा आणि घरी बसून बघा. मी स्वतः फॉर्म घरी न्यायला सांगते. माणसं तो शेजारच्या शिक्षकांना, भाच्याला दाखवून प्रश्न लिहून आणतात. असा पेशंट मला आवडतो, कारण तो मध्येच गायब होत नाही. आणि कॅन्सरच्या ट्रायलमध्ये कोणाला नुसती साखरेची गोळी देत नाहीत.

गोदाकाठची

शेवटचं वाक्य तपासा, ताई. मी वर सांगितलेल्या रेगोराफेनिबच्या ट्रायलमध्ये ७६० पैकी २५५ जण प्लासिबोवरच होते.

ट्रायल ताई

बरोबर, शेवटच्या टप्प्यात दुसरं प्रमाणित औषधच उरलेलं नसेल तर तसं करतात, आधारोपचार, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार, चालू ठेवून. पण ज्याच्यासाठी औषध आहे त्याला ते नाकारून प्लासिबो देता येत नाही.

द्राक्षवाला

तुमचे महिने-महिने वाचून एकच सांगावंसं वाटतं. वडिलांना ऑक्सॅलिप्लॅटिन हे किमोचं औषध चालू होतं, त्यात निफाडची थंडी. पहाटे नळाला हात लावला की बोटांत करंट बसल्यासारखं व्हायचं, गार पाण्याचा घोट घशात अडकायचा. आईने माठ झाकून ठेवला आणि हिवाळाभर कोमट पाणी दिलं. नंतर सेटक्सिमॅब सुरू झालं तर तोंडावर, छातीवर पुरळ. लोक विचारायचे, देवी आल्या का? लग्नाकार्याला जायचं त्यांनी बंद केलं. डॉक्टर म्हणाले, पुरळ म्हणजे औषध लागू पडतंय असं समजा. समजलो. पण छाटणीला बागेत उभं राहता येतं का, हे कुठल्या ट्रायलमध्ये मोजतात?

ऑन्को फार्मसी

मोजतात दादा, जीवनमानाची प्रश्नावली असते. छाटणी नसते त्यात, हे खरं. पुरळासाठी आता सुरुवातीपासूनच डॉक्सिसायक्लिन, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन देतात, बराच फरक पडतो. मॅग्नेशियम मात्र रक्तात तपासत राहावं लागतं, सेटक्सिमॅबवर ते उतरतं.

कडुलिंब

अवांतर: बेकिंग सोडा आणि लिंबू रोज सकाळी अनशापोटी...

द्राक्षवाला

वेगळा धागा काढा.

गोदाकाठची

मूळ मुद्द्यावर येते. कमी डोसाचं मी हवेत बोलत नाही. टाटा मेमोरियलने डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी दिलं. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम, दर दोन आठवड्यांनी. तरी एक वर्षानंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. हा प्रश्न परदेशी कंपनी कशाला विचारेल? तिला औषध कमी खपवायचंय थोडंच! आपल्याकडे तरुण पेशंट, सिग्नेट रिंग या आक्रमक प्रकारच्या गाठी जास्त दिसतात. मग बाहेरच्या ट्रायलचे आकडे आपल्याला जसेच्या तसे कसे लागू होतील?

ऑन्को फार्मसी

तो अभ्यास मलाही मोलाचा वाटतो. पण त्यात २० मिलिग्रॅमची तुलना २४० शी नव्हती. नेहमीच्या तोंडी किमोच्या जोडीला निव्होलुमॅब दिलं तर काय, न दिलं तर काय, अशी होती. आणि डोकं-मान म्हणजे आतडं नव्हे. आतड्याच्या बहुतेक गाठींवर इम्युनोथेरपी कितीही डोसात एकटी दिली तरी फारशी चालत नाही. आतड्यातही कमी डोस चालतो हे तुम्हाला ट्रायल करूनच सिद्ध करावं लागेल, म्हणजे पेशंट ट्रायलमध्ये यायलाच हवेत. एकीकडे आपल्या लोकांवर संशोधन नाही म्हणायचं आणि दुसरीकडे काकांना जाऊ नका म्हणायचं, हे कसं जमायचं?

गोदाकाठची

जाऊ नका असं मी कुठे म्हटलं? कोणता प्रश्न सोडवायला जायचं एवढंच विचारतेय. शिवाय ट्रायलमध्ये घेतात ते चालते-फिरते, लिव्हर-किडनी धड असलेले. दिंडोरीच्या पाड्यावरून येणारा, वजन उतरलेला माणूस स्क्रीनिंगला, म्हणजे निवडीच्या तपासणीतच, बाहेर पडतो. मग आकडे धडधाकटांचे आणि औषध त्याच्या माथी.

ट्रायल ताई

हे मात्र खरं आहे. आम्हालाही सलतं.

सिन्नरकर

एक विचारतो. मेव्हण्याच्या रिपोर्टवर नुसतं ‘अ‍ॅडिनोकार्सिनोमा’ लिहिलंय. जीन-बिन काही नाही. किमो सुरू आहे. हे काय करायचं राहिलंय का?

ऑन्को फार्मसी

राहिलंय. ऑपरेशन किंवा बायोप्सी जिथे झाली तिथल्या लॅबमधून पॅराफिन ब्लॉक मागा, स्लाइड नुसत्या पुरत नाहीत. ब्लॉक म्हणजे मेणाचा छोटा चौकोनी ठोकळा, त्यावर नंबर असतो तो रिपोर्टशी जुळवून घ्या आणि पोचपावतीवर सही करून आणा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. एमएसआयसाठी चार प्रोटीनचं साधं स्टेनिंग असतं, ते पुष्कळ लॅबमध्ये होतं. रास (केरास ज्यात येतं तो जीनचा गट) आणि बीराफ जीन तपासणीतून कळतं. गाठ आतड्याच्या डाव्या बाजूला होती की उजव्या, तेही विचारा, सेटक्सिमॅबसारखी औषधं डाव्या बाजूच्या गाठींना जास्त लागू पडतात.

गोदाकाठची

आणि या तपासणीचे पैसे? महात्मा फुले योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख, किमो त्यात बसली तरी आमची जीन तपासणी खिशातूनच गेली.

ट्रायल ताई

ट्रायलसाठी स्क्रीनिंगमध्ये करायच्या तपासण्यांचे पैसे आम्ही पेशंटकडून घेत नाही. पण त्यात पात्र ठरला नाहीत तर पुढचे उपचार तुमचे तुम्ही. शिवाय रिपोर्ट यायला वेळ लागतो, तोपर्यंत किमो सुरू करायची की थांबायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण काही ट्रायलमध्ये आधी किमोचा एक डोस घेतला तरी नाव कापतात. निफाडच्या काकांची तपासणी झाली आहे का?

गोदाकाठची

झाली. केरास म्युटेशन आहे, जी१२सी नाही. म्हणजे सेटक्सिमॅब बाद, सोटोरासिब बाद.

ऑन्को फार्मसी

मग ट्रायल कशाची आहे ते आधी सांगा, भांडण तिथून पुढे करू.