मरे नदीचं मुख आणि स्टर्टची होडी

आत्या (ॲडलेड, ऑस्ट्रेलिया): काल गूलवा गावाच्या पुढे जाऊन मरे नदीचं मुख बघून आलो. अडीच हजार किलोमीटर वाहत येणारी नदी, आणि समुद्राला मिळते तिथे बघावं तर वाळूच वाळू! मशीन लावून वाळू उपसत होते. मुलगा म्हणाला, १८३० साली चार्ल्स स्टर्ट वरून होडीने इथपर्यंत आला होता. नाना, तुम्ही पाटबंधाऱ्यातले, तुम्हाला ठाऊक असेल.

नाना: ठाऊक आहे, आणि फार आवडीचा विषय आहे. सिडनीची वसाहत १७८८ ची. किनाऱ्यालगतचे डोंगर ओलांडायला १८१३ उजाडलं. पलीकडे उतरले तर नद्या सगळ्या पश्चिमेला, म्हणजे समुद्राकडे पाठ करून वाहतायत. आपली कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, अरबी समुद्र तिथून जवळ, पण ती जाते पूर्वेला. तिथे तेच, फक्त दिशा उलटी. प्रश्न एकच होता, हे पाणी जातं कुठे? सरकारी सर्वेक्षक जॉन ऑक्सली १८१७ मध्ये लॅक्लन आणि १८१८ मध्ये मॅक्वारी नदीच्या काठाने गेला. दोन्ही वेळा नदी पाणथळीत पसरली आणि वाट संपली. देशाच्या मधोमध समुद्र असणार, असं त्याला वाटू लागलं. पुढे पुष्कळांनी ते खरं मानलं.

ताई: पण नाना, जहाजाने किनाऱ्या-किनाऱ्याने जाऊन मुख शोधलं असतं तर सोपं नव्हतं का?

नाना: गेले होते ना! १८०२ मध्ये इंग्रज फ्लिंडर्स आणि फ्रेंच बोदँ, दोघांची जहाजं त्याच किनाऱ्यावर एकमेकांना भेटली. मुख तिथून जवळच. दोघांपैकी एकालाही दिसलं नाही. आत्याने पाहिलेली वाळू हेच त्याचं कारण. बाहेरून नुसत्या टेकड्या दिसतात.

दादा: मग स्टर्टने आतून जायचं ठरवलं?

नाना: हो. आणि हा स्टर्ट जन्मला आपल्याकडे, १७९५ मध्ये, तेव्हाच्या बंगाल इलाख्यात. लष्करी अधिकारी. १८२९ च्या नोव्हेंबरात सिडनीहून निघाला. २७ फुटी होडी सुटी करून गाड्यांवर लादली होती, ती मरंबिजी नदीच्या काठी जोडली. तिथलंच एक झाड पाडून सामानासाठी दुसरी छोटी होडी केली. ७ जानेवारी १८३० ला आठ माणसं निघाली. काही सैनिक, काही शिक्षा भोगणारे कैदी. दुसऱ्याच दिवशी सामानाची होडी पाण्यातल्या ओंडक्यावर आपटून बुडाली. खारवलेल्या मांसाची पिंपं बाहेर काढली, पण आत नदीचं पाणी गेलेलं. मांस वाया गेलं. १४ तारखेला होडी एका रुंद नदीत शिरली. तीच मरे. नाव स्टर्टने ठेवलं. खरं म्हणजे १८२४ मध्ये ह्यूम आणि हॉव्हेल यांनी ती वरच्या अंगाला ओलांडली होती आणि ह्यूमचं नाव दिलं होतं. टिकलं स्टर्टचं.

वहिनी: आणि तिथे आधीपासून राहणारी माणसं? ती काय म्हणत असतील ते कोणी लिहिलंय का?

नाना: वहिनी, मला याच प्रसंगाकडे यायचं होतं. २३ जानेवारी. नदीत वाळूचा दांडा आडवा, त्यावर शेकडो माणसं भाले घेऊन उभी. प्रवाह होडीला तिकडेच ओढतोय. स्टर्टने बंदूक रोखली, चापावर बोट. तेवढ्यात समोरच्या काठावर चार माणसं धावत आली. त्यातल्या एकाने पाण्यात उडी घेतली, पोहत दांड्यावर गेला आणि पुढे सरसावलेल्याचा गळा धरून त्याला मागे रेटलं. त्याची आणि स्टर्टची आधी वरच्या बाजूला ओळख झाली होती. सगळे वाचले. लगेच पुढे दुसरी नदी येऊन मिळताना दिसली, ती डार्लिंग. आता बघा, होडीतल्या प्रत्येकाचं नाव आपल्याला माहीत आहे. उडी मारणाऱ्याचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. मला हे वाचताना दरवेळी राग येतो.

मामी: अगदी बरोबर. त्याच्याशिवाय नकाशा पुरा झालाच नसता.

दादा: पण स्टर्टने गोळी झाडली नाही, हेही धरायला हवं ना?

नाना: धरायलाच हवं. त्या प्रवासात रक्त सांडलं नाही, याचं श्रेय त्यालाही आहे. पण पुढचं ऐक. १८३६ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत झाली, तिला स्टर्टच्या वर्णनाचा मोठा आधार होता. १८३८ मध्ये जोसेफ हॉडन याच नदीकाठाने गुरांचा कळप हाकत ॲडलेडला आला. मग कळपांमागून कळप. लोकांच्या पाणवठ्यांवर गुरं, मासेमारीच्या जागा तुडवल्या गेल्या, झटापटी सुरू झाल्या. ऑगस्ट १८४१ मध्ये रूफस नदीवर पोलीस आणि गुरंवाल्यांनी तिथल्या मूळच्या मारौरा लोकांवर गोळ्या चालवल्या. ३० च्या वर माणसं मेली. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच नाही. होडीची वाट कळपांची झाली आणि अकरा-साडेअकरा वर्षांत इथवर आली. म्हणून मी स्टर्टची गोष्ट १८३० ला थांबवत नाही.

आत्या: हे मुलाने सांगितलंच नाही. आणि परत कसे गेले ते? जहाज आलं होतं का?

नाना: नाही. ९ फेब्रुवारीला अलेक्झांड्रिना सरोवर लागलं, पुढे मुख. वाळूमुळे जहाज आत येणं अशक्य, बंदराची आशा संपली. मग उलट्या प्रवाहात वल्ही मारत परत. खायला पिठाशिवाय फारसं काही नाही. माणसं वल्ही हातात धरून झोपत. एकाला भ्रम झाला. मार्चअखेर मरंबिजीकाठी मागे ठेवलेल्या तळाच्या जागी पोचले तर तळ तिथून हललेला! दोघं जण चालत मदत आणायला गेले. स्टर्टची दृष्टी त्यानंतर अधू झाली.

ताईचा मुलगा: नाना आजोबा, मग मधला समुद्र सापडला का?

नाना: नाही रे बाळा. पण १८४४ मध्ये स्टर्ट पुन्हा निघाला, वाळवंटात होडी घेऊन! एका पाणवठ्यावर सहा महिने अडकला. पाऊस नाही, पुढे-मागे पाणी नाही. उन्हाने पेन्सिलीतलं शिसं गळून पडायचं. त्याचा सहकारी जेम्स पूल स्कर्व्हीच्या आजाराने गेला. वाळूच्या टेकड्यांपासून परत फिरावं लागलं. स्कर्व्ही म्हणजे काय ते आईला विचार, आणि आवळा खात जा.

आत्या: नाना, पुढच्या खेपेला कुठे जाऊ?

नाना: वेंटवर्थला जा. मरे आणि डार्लिंग मिळतात ते गाव. ॲडलेडहून गाडीने चार-पाच तास. दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो का बघ आणि फोटो टाक. रूफस नदी त्याच बाजूला आहे, जमलं तर तिथेही थांब.

आत्या: शनिवारचं विचारते मुलाला.